बाळाक्का आणि न निवलेला ढीग

बाळाक्का खतात हात घालायची. बोटं बुडवायची नव्हे, कोपरापर्यंत. पदर कमरेला खोचायचा, चोळीची बाही वर सारायची आणि कोंबडखताच्या ढिगात हात खुपसून डोळे मिटून उभं राहायचं. वैद्य नाडी बघतो तशी मुद्रा. मग हात बाहेर, मूठभर खत नाकाशी, आणि एकदम भडका:

"न्हाय! अजून इस्तू हाय आत! कोन म्हनलं झालं म्हनून? कोन म्हनलं?"

कुणीच म्हटलेलं नसायचं. बहुतेक वेळा तिथं कुणी नसायचंच. कुंपणापलीकडं दात घासत उभा असलेला मी तेवढा असायचो, आणि माझ्याकडं बघून ती अशी डोळे वटारायची की चूळ गिळावी लागायची.

ही गोष्ट कोल्हापूरच्या महाराजांच्या कारकिर्दीतली. शाहूपुरीची पेठ तेव्हा नवी नवी भरत होती. मी गारगोटीकडचा. एका सरदारांच्या बंगल्यावर कारकुनी मिळाली म्हणून कोल्हापुरात आलो आणि कळंब्याच्या वाटेवर दोन खोल्यांचं घर घेतलं. इतकं चांगलं घर इतके दिवस रिकामं का, ते दुसऱ्या दिवशी वारा फिरला तेव्हा समजलं. आमची मंडळी, यशोदा, नाकाला पदर लावून म्हणाली, "बोला की काहीतरी जाऊन."

मी गेलो. अदबीनं म्हणालो, "बाई, हा उकिरडा जरा लांब हलवता येईल का?"

"उकिरडा?" बाळाक्कानं खोरं खाली टाकलं. "उकिरडा तुज्या तोंडात! उकिरड्यावर घान टाकत्यात. हितं खत शिजतंय. शिजतंय, कळलं? तुज्या घरात भात शिजताना मी आलो व्हय इचारायला, वास कसला येतोय म्हनून?"

आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' असंच बोलतात. परमुलखातल्या माणसाला ते ऐकून हसू येतं. बाळाक्काच्या तोंडून ऐकताना हसायची कुणाची छाती नव्हती.

मी शेजारी राहणार तर मला सगळं ठाऊक पाहिजे, असं तिचं मत पडलं. म्हणून तिनं मला तिथंच उभं करून, शिव्यांच्या मध्ये मध्ये, खताची सगळी रीत सांगितली. तिच्या कोंबड्या सांजच्याला खुराड्यात कोंडल्या जायच्या. खुराड्यात खाली भाताचं तूस अंथरलेलं. ते भिजून घाण झालं की बाहेर काढायचं. मग पालापाचोळ्याचा नाहीतर उसाच्या पाचटाचा जाड थर, वर हे तूस-शिटीचं, पुन्हा पाचट. पाणी शिंपडायचं, पण किती? मूठ आवळली की गोळा झाला पाहिजे आणि बोटांतून थेंब गळता कामा नये. दोन-चार दिवसांत ढीग आतून तापतो. थंडीतल्या सकाळी त्यातून चुलीसारख्या वाफा निघायच्या. मग तो उकरून परतायचा.

"भायेरचं आत, आतलं भायेर. समद्याला इस्तू लागला पायजे. न्हायतर किडं मरत न्हाईत, तनाचं बी मरत न्हाय. आनि मग आपसूक निवू द्यायचं. आपुन घाई करायची न्हाय. मातीगत वास आला की समजायचं, झालं."

एवढं सांगून ती पुन्हा भडकली. "आनि हात धू! ढिगाला हात लावलास न्हवं? आदी हात धू, मग बोल माज्याशी!"

मी काहीच बोलत नव्हतो. तरी हात धुतले.

'आदी निवू दे' हे तिचं सगळ्या जगावरचं औषध होतं. दुधाला तेच, तापकऱ्याला तेच, भांडण मिटवायला आलेल्या भावकीलाही तेच. पेठेतला एखादा नवा व्यापारी फेटा बांधून तोऱ्यात घरावरून गेला की ती खोऱ्यावर हात ठेवून म्हणायची, "कच्चा हाय. निवला न्हाय अजून." फक्त ती स्वतः कधी निवलेली कुणी पाहिली नव्हती. ती पावसावर चिडायची, कावळ्यांवर चिडायची. कोंबड्यांना तर नावं घेऊन घेऊन शिव्या द्यायची. शुक्रवारी अंबाबाईच्या देवळात जायची आणि परत येताना तिचा चेहरा असा असायचा की ही दर्शन घेऊन आली नाही, भांडून आली आहे.

खत मागायला लोक लांबून यायचे. ती ते फुकटच द्यायची, पण आधी माणूस तपासायची. काय लावलंयस? विहीर किती लांब हाय? ढीग कुटं ठेवनार? एखादा चुकीचं बोलला की पाटी हिसकावून घ्यायची. पलीकडच्या सरूबाईनं एकदा तिच्या नकळत खुराड्याबाहेरचं ओल्या शिटीचं घमेलं उचललं आणि आपल्या मेथीच्या वाफ्यात पसरलं. बाळाक्काला वासावरून कळलं. ती तरातरा गेली, सरूबाईच्या परसात शिरली आणि आख्खा वाफा उपटून रस्त्यावर फेकला.

"पाल्याला कच्ची शिट घालून पोरांस्नी खायला घालतीस व्हय गं? पोटं धरून बसली म्हंजे वैदाच्या दारात कोन जानार, मी?"

सरूबाई रडायला लागली. गल्ली गोळा झाली. सगळे म्हणाले, म्हातारी वेडी आहे. मलाही तसंच वाटलं, आणि रागही आला. दुसऱ्या दिवशी बाळाक्का सरूबाईच्या दारात निवलेल्या खताची पाटी आदळून आली. म्हणजे ठेवून आली. पण ती काहीही ठेवायची ते आदळूनच.

तिच्या शिव्या सगळ्यांत जास्त खाल्ल्या असतील तर दस्तगीरनं. दस्तगीर बागवान आमच्या सरदारांच्या बंगल्यावर माळी होता. खाली मान घालून चालणारा, हळू बोलणारा माणूस. आवारातच कोपऱ्यात त्याला राहायला खोली होती, आणि त्या एका खोलीत म्हातारी आई, बायको, दोन मुली. बंगल्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना गुलाब होते आणि त्यांना बाळाक्काचं खत लागायचं. दस्तगीर पाटी घेऊन आला की ती त्याला दारात उभा करायची.

"आलास? मागल्या बारीला बुंध्याला टेकवून घातलास न्हवं? मुडद्या, बुंधा सोडून घालायचं, किती येळा सांगू?"

"सोडूनच घातलं की आक्का. गुस्सा करू नगा."

"गुस्सा करू नगा म्हनं! तू आलास की गुस्सा येतोयच!"

आणि मग त्याला पाटीभर, वर दाबून आणखी ओंजळभर. जाताना त्याच्या मुलींसाठी अंडी. तीही आदळत, एखादं फुटायचं, आणि फुटलं म्हणून पुन्हा दस्तगीरलाच शिवी.

त्या वर्षी वैशाखात बंगल्यावर लग्न निघालं. सरदारांची थोरली मुलगी. पाव्हणे बाहेरच्या संस्थानांतून यायचे होते. कारभाऱ्यांनी एक दिवस दस्तगीरला बोलावून सांगितलं, "लग्नापर्यंत वाटेवरचा एकूण एक गुलाब फुलला पाहिजे. काय घालायचं ते घाल."

दस्तगीर बाळाक्काकडं गेला. मी कुंपणाशीच होतो. तिनं जुन्या ढिगातलं उरलंसुरलं त्याला आधीच देऊन टाकलं होतं. नवा ढीग घातलेला होता, पण तो तापत होता. तिनं हात घातला आणि झटक्यानं काढला.

"न्हाय."

"आक्का, लगीन हाय..."

"लगीन तुमचं हाय, ढिगाचं न्हाय! गुलाबाला नुसतं पानी घाल. फुलंल तेवढं फुलंल. जा."

त्यानं जाऊन तसं सांगितलं. कारभारी हसले. म्हणाले, "खत ते खत. म्हातारीला काय कळतंय."

दोनच दिवसांनी बाळाक्काला राधानगरीकडून निरोप आला. तिचा भाऊ गेला होता. एवढ्या वर्षांत तिला भाऊ आहे हेही मला ठाऊक नव्हतं. यशोदाकडं कोंबड्या सोपवून ती बैलगाडीत बसली. तोंडानं एक शब्द काढला नाही. तेव्हा वाटलं, थकली असेल.

ती गेली आणि बंगल्यावरून गाडी आली. दोन गडी, खोरी, पाट्या. सोबत दस्तगीर, पांढराफटक. यशोदा कुंपणाशी धावली. "अहो, आक्का घरात नाहीत. त्यांना विचारल्याशिवाय नका नेऊ."

दस्तगीर म्हणाला, "भाभी, मी न्हाय म्हनलो. लई सांगून बघितलो. कारभारी म्हंत्यात, तू न्हेत न्हाईस तर खोली रिकामी कर."

ढीग उचलला गेला. भावाच्या सुतकात असलेल्या बाईच्या दारातून तिची महिन्याभराची मेहनत नेली. हे लिहिताना आजही माझ्या हाताची मूठ वळते.

संध्याकाळी बंगल्यावर पाहिलं तर गड्यांनी प्रत्येक झाडाला ओंजळी ओंजळी ते कच्चं, गरम खत घातलेलं. वर वैशाखाचं ऊन. पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या. मग कळ्या माना टाकायला लागल्या. दस्तगीर हातानं खत उकरून काढत होता, घागरीवर घागरी ओतत होता. काही झाडं जगली. वाटेवरची बहुतेक गेली.

बाळाक्का परत आली, तिनं मोकळी जागा पाहिली, यशोदानं सांगितलं ते ऐकून घेतलं आणि पाय न धुता सरळ बंगल्याकडं निघाली. मी मागं धावलो. फाटकाशी उभी राहून तिनं जो आवाज लावला तो माजघरापर्यंत गेला असेल.

"चोरांनो! माज्या दारातनं न्हेलासा ते न्हेलासा, झाडांनी काय केलंतं तुमचं? जित्ती झाडं जाळलासा की रं!"

पहारेकऱ्यानं तिला हाताला धरून बाजूला केलं. दस्तगीर आत, घागर घेऊन, खाली मान घालून उभा. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि थुंकली.

दुसऱ्या दिवशी सरकारांनी जळलेली वाट पाहिली. सरदारांना आम्ही सरकारच म्हणायचो. बंगल्याच्या पुढच्या सोप्यावर सगळ्यांना बोलावणं झालं. कारभारी पुढं होऊन म्हणाले, "माळ्याचा हलगर्जीपणा, सरकार. कुठून तरी कच्चं खत आणून ओतलं. मी लग्नाच्या गडबडीत. लक्ष राहिलं नाही."

माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "सरकार, गाडी कारभाऱ्यांनी पाठवली होती. माझ्या घरावरून गेली."

कारभाऱ्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरकारांना लग्नाच्या तोंडावर कारभारी नको का होता? ते म्हणाले, "कारकुनानं विचारल्याशिवाय बोलू नये." मग दस्तगीरला म्हणाले, "लग्न होऊ दे. मग सामान उचल."

मी संतापानं पेटून घरी आलो. बाळाक्का रिकाम्या जागेवर नवं पाचट पसरत होती. मी सगळं सांगितलं. वाटलं, ही कारभाऱ्याचा उद्धार करेल.

"बरं झालं!" ती ओरडली. "जाऊ दे त्येला! गाडीम्होरं आडवा का पडला न्हाय? हातपाय न्हाईत व्हय त्येला? बरं झालं!"

"आक्का, अहो घर सुटेल त्याचं. म्हातारी आई आहे, मुली आहेत."

"मग मी काय करू? मी काय करू, सांग!" तिनं पाचटाचा भारा असा फेकला की कोंबड्या कुंपणावरून उडाल्या. मी माझा राग घेऊन घरात गेलो.

सकाळी मी सोप्यावर कागद मांडून बसलो होतो. फाटकाशी गलका झाला. बघतो तर बाळाक्का. धुतलेलं लुगडं, केस चापून बसवलेले, पहारेकऱ्याला ढकलत आत येतेय. "सर बाजूला! सरकारांस्नी भेटायचं हाय. कालच्याला चोर म्हनलो, आज तसलं काय म्हनायला आलो न्हाय. सर!"

सरकार बाहेर आले. कारभारी त्यांच्या मागं. कारभाऱ्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. त्यांना वाटलं, ही आता गाडीचं सांगणार. मलाही तेच वाटलं आणि मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

बाळाक्का वाकली नाही की हात जोडले नाहीत. भांडायला उभी राहते तशी उभी राहिली आणि म्हणाली, "खत म्या दिलंतं. निवलंय म्हनून म्या सांगितलंतं. माळ्याची चूक न्हाय. चूक माजी."

"काल तर तू फाटकात चोरी झाली म्हणून ओरडत होतीस," सरकार म्हणाले.

"सुतकातनं आलतो. डोस्कं ठिकान्यावर न्हवतं. दिलेलं इसरलो."

"तुझ्या खताचं तर गावात नाव आहे. तुला कळलं नाही कच्चं ते?"

ती आपला उजवा हात पुढं करून, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे आणि तिला त्याचा भयंकर राग आला आहे अशा आवाजात म्हणाली, "म्हातारी झालो. हाताला कळंना झालंय."

मी कारभाऱ्यांकडं बघितलं. हे खोटं आहे हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण खोटं म्हणायचं तर गाडी कुणी पाठवली ते सांगावं लागलं असतं. ते आपल्या उपरण्याची दशी बघत राहिले.

सरकार म्हणाले, "माळी राहू दे. पण आजपासून या बाईकडचं खत बंगल्यावर यायचं नाही."

"नगाच आनू," बाळाक्का म्हणाली, वळली आणि चालू लागली. वाटेवर दस्तगीर होता. तो पुढं झाला, त्याला काही बोलायचं होतं. तिनं त्याला तिथंच झापलं, "बघत काय उभा ऱ्हायलास? जळक्या फांद्या छाट! खाली कोंबाचा डोळा जित्ता असंल तर फुटंल परत!"

कारभाऱ्यांनी मग आपलं काम केलं. पेठेत, बाजारात, देवळाबाहेर, जिथं बसतील तिथं त्यांनी सांगितलं: म्हातारीचा हात गेला, तिच्या खतानं सरकारांचे गुलाब जळाले, ती स्वतः कबूल झाली. लोकांना काय, तेवढंच हवं असतं. ज्यांच्या पाट्या तिनं हिसकावल्या होत्या ते खूश झाले. पावसाळा सरल्यावर ढीग निवला, काळाभोर, मातीच्या वासाचा, पण पाटी घेऊन कुणी आलं नाही. सरूबाई तेवढी एकदा आली आणि तीही कुणी बघत नाही ना, हे बघत. दस्तगीरला यायची बंदी. तो लांबून सलाम करून जायचा आणि बाळाक्का त्याच्या पाठीवर शिवी फेकायची. एक दिवस दोन टोणगे रस्त्यावरून ओरडले, "आक्का, हात घाला की! कळतंय का काय?" मी काठी घेऊन बाहेर आलो. बाळाक्का ढीग परतत राहिली. तेच मला सहन झालं नाही.

मी कुंपण ओलांडून गेलो आणि इतक्या दिवसांचं साचलेलं तिच्यावरच ओकलो. "का केलंत हे, आक्का? खरं का नाही सांगितलं?"

"खरं तू सांगितलास न्हवं? काय झालं?" ती म्हणाली. "दुसरा चुकला म्हनायला साक्षी लागतोय. आपुन चुकलो म्हनायला कोन साक्षी मागतंय?"

"पण तुमचं नाव गेलं! जन्मभर कमावलेलं नाव गेलं!"

"कुटलं नाव?"

तिनं खोरं ढिगात रोवलं.

"बाळाक्का? ते सासरच्यांनी ठेवलेलं. लग्नात बदललं. नवरा गेला, सासरचं गेलं, आनि हे चिकटून ऱ्हायलं. जाईना का." तिनं खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकली. "माजं नाव घेनारा माजा भाऊ हुता. वर्साकाठी कवातरी यायचा, बांधावरनंच हाक मारायचा. तो गेला. आता ते नाव ठावं असनारं जित्तं मानूस न्हाय कुनी. त्येच्याम्होरं हे खताचं नाव काय घिऊन बसलास तू?"

मी विचारलं, "काय नाव होतं?"

ती माझ्याकडं रागानं बघत राहिली.

"हसलास तर मुस्काट फोडीन."

"नाही हसत."

ती ढिगाकडं बघून म्हणाली, "सुगंधा."

मी हसलो नाही. खरंच नाही हसलो. कोंबड्या पायात घोटाळत होत्या, हात कोपरापर्यंत खतानं माखलेले, आणि ती खाली मान घालून उभी होती. तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. मी घरी आलो. यशोदा चुलीपुढं होती. तिला सांगितलं. तीही हसली नाही. पिठाचे हात तसेच घेऊन उठली, कुंपणाशी गेली आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली:

"सुगंधाक्का! भाकरी टाकलीय, जेवायला या."

पलीकडं खोऱ्याचा आवाज थांबला. आता भडका उडणार म्हणून मी दारात येऊन उभा राहिलो.

"हात धुऊन येतो," ती म्हणाली.